सोमवारचा हजेरीपट

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव पत्रिकेवर छापलेलं आहेच. मी ते घेणार नाही, माझ्या तोंडातून ते निघत नाही. आमच्यासाठी त्या शब्बाथशाळेच्या बाई होत्या, आणि आजही माझ्या मनात त्या नुसत्या ‘बाई’च आहेत. वर्गात कुणी मागच्या बाकावर चिंचोके खेळायला लागलं तर धडा न थांबवता जवळ येऊन तळहात पुढे करायच्या. चिंचोके त्या हातावर ठेवायचे. वर्ग सुटला की मोजून परत मिळायचे. त्यांनी कधी एकही ठेवून घेतला नाही.

आयोजकांनी मला विषय दिलाय, ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जीवनात देवाची इच्छा. मी पाळक नाही, धर्मशास्त्राच्या कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. तेव्हा सवयीनं मी आधी हे बघितलं, की ‘देवाची इच्छा’ ही रक्कम आपण कुठल्या खात्यावर टाकतो.

तुम्हीच आठवून बघा. मुलीचं लग्न जमलं, पेढे वाटले, की आपण म्हणतो देवाची कृपा. मुलगा पास झाला, कृपा. बोअरला पाणी लागलं, कृपा. आणि इच्छा कधी? सोयरीक मोडली, नोकरी गेली, पेटी कबरीत उतरली, की सुस्कारा टाकून म्हणायचं, ‘देवाची इच्छा! आपल्या हातात काय आहे?’ म्हणजे जमेच्या बाजूला कृपा आणि नावे बाजूला इच्छा. जगातल्या सगळ्या खोटीचं खापर बिचाऱ्या इच्छेच्या डोक्यावर. कुठल्याही ऑडिटरला ही वही संशयास्पद वाटेल.

माझी आजी 1971 च्या पावसाळ्यात गेली. हगवण आणि उलट्या, दोन दिवसांत खेळ खलास. आमच्या वस्तीवर एकच विहीर, आणि पहिल्या पावसाचं सगळं गढूळ पाणी उताराला लागून तिच्यात यायचं. दफनविधीला आलेल्या प्रत्येकानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हटलं, ‘देवाची इच्छा.’ बाईही आल्या होत्या. त्या वडिलांजवळ गेल्या आणि विचारलं, ‘पोरांनी काही खाल्लंय का?’ दुसऱ्या दिवशी त्या तालुक्याला गेल्या, आरोग्य खात्याच्या माणसाला घेऊन आल्या, आणि विहिरीत औषध टाकून घेतलं. त्या वर्षी आमच्या वस्तीवर आणखी कुणी गेलं नाही. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मला त्यांचा रागच आला होता. देवाची इच्छा म्हटलं की दुःखाला एक झाकण बसतं. बाईंनी ते उघडं ठेवलं होतं. आजी विहिरीमुळं गेली, असंच त्या न बोलता सांगत होत्या ना!

आता प्रभूच्या प्रार्थनेकडे येऊ. स्वर्गात जशी पित्याची इच्छा चालते तशी पृथ्वीवर चालू दे, ही त्यातली तिसरी विनंती. आपण ती इतक्या वेगानं म्हणतो की आगगाडीतून लहान स्टेशनाची पाटी दिसावी तशी ती निघून जाते. गंमत अशी की लूकच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही विनंतीच नाही, ती मत्तयात आहे. आणि मत्तयानं पुढं गेथशेमाने बागेत येशूच्या तोंडी जे शब्द घातलेत ते मूळ ग्रीकमध्ये अक्षरशः हेच आहेत. त्या बागेत येशूनं काय केलं ते मात्र आपण नीट वाचत नाही. त्यानं आधी सरळ सांगितलं की हा प्याला टळला तर बरं. घाम गाळून सांगितलं. बरोबरची माणसं झोपली होती, त्यांना दोन-तीनदा उठवलं. आणि शेवटी स्वतः उठून, पकडायला येणाऱ्यांच्या दिशेनं चालत गेला. हातपाय गाळून बसलेल्या माणसाचं हे चित्र मला तरी वाटत नाही.

दुसरी गोष्ट. इच्छेच्या विनंतीला लागून लगेच काय येतं? भाकर. तीही आजच्या दिवसापुरती. मला वाटतं ह्या क्रमात बराच अर्थ आहे. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका 1910 पासून स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ वेगळी काढून ठेवतात. त्याला त्या ‘बुहफाई थम’ म्हणतात. त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांची किती कामं उभी राहिली! तिथं देवाची इच्छा तांदळाच्या डब्याशी, दिवसातून दोनदा भेटते. आपल्याकडची तरुण मुलं ती कुठं शोधतात? गेली चाळीस वर्षं मंडळीचा खजिनदार म्हणून लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात. पुण्याची नोकरी घ्यावी की आखाताची, हिच्याशी लग्न करावं की तिच्याशी, प्लॉट घ्यावा की फ्लॅट, ह्यात देवाची इच्छा काय असेल? कुणी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतो आणि बोट पडेल ती ओवी कौल म्हणून घेतो. मी त्यांना हसत नाही, त्यांची घालमेल खरी असते. पण ह्या चाळीस वर्षांत एकानंही मला असं विचारलं नाही, की धुणंभांडी करणाऱ्या बाईचा पगार तीन वर्षांत वाढवलेला नाही, ह्यात देवाची इच्छा काय असेल. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न माणूस विचारत नाही.

ह्या बाबतीत मला पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्यावंसं वाटतं, आणि ते केडगावचं. आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. रमाबाई दुष्काळ पुस्तकात वाचून शिकल्या नव्हत्या. 1874 च्या सुमारास आईवडील आणि पाठोपाठ थोरली बहीण, अशी घरची माणसं त्यांनी उपासमारीत डोळ्यांदेखत गमावली होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. आणि 1896 मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. ‘देवाची इच्छा’ म्हणून हात जोडायला ह्याहून चांगलं निमित्त कुठलं? ह्या बाईंनी तर आपलं घरच दुष्काळाला दिलं होतं! त्या मध्य प्रांतात गेल्या आणि जवळजवळ तीनशे निराधार मुलीबाळी घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, इतक्या मुली शहरात ठेवायची सोय नाही. मग केडगावच्या शेतावर तंबू पडले, छपरं उभी राहिली, विहिरी खणल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचा एका वेळचा स्वयंपाक मनात आणून बघा. सरपण किती, पाणी किती, दळण किती? एका मुलीला ताप आला तर वेगळी खाट कुठं टाकायची? केडगावच्या ह्या मुक्ती मिशनचं नाव काढलं की आपली माणसं 1905 च्या संजीवनाबद्दल, त्या रात्रभर चाललेल्या प्रार्थनांबद्दल भरभरून बोलतात. मी त्याला उणं म्हणत नाही. पण मला हिशेबनीसाला केडगावच्या विहिरी, गोठा, घाणा, माग आणि छापखाना जास्त दिसतात. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, आणि ते त्याच आवारात, तिथल्याच मुलींच्या हातांनी जुळलं आणि छापलं गेलं. ते सोपं हवं होतं. शास्त्री-पंडितांच्या मराठीत नको, नुकतंच अक्षर ओळखायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईला वाचता येईल असं. संस्कृत ज्यांना मुखोद्गत होतं त्या बाईंनी संस्कृत शब्द वेचून बाजूला काढले, ह्याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. 1922 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.

आणि ह्याच रमाबाई मिशनरींचं मुकाट ऐकणाऱ्या नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन त्यांना मुलीसारखं मानत, पण धर्माच्या बाबतीत वरच्यांचं ऐकावं असा आग्रहही धरत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासानं मान काढली ती लगेच दुसऱ्या जोखडात घालायला मी तयार नाही, अशा अर्थाचं रमाबाईंनी त्यांना कळवलं. बिशपची इच्छा, कमिटीची इच्छा, नवऱ्याची इच्छा, आणि देवाची इच्छा. ह्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक सभेत ह्यातल्या पहिल्या तीन कितीदा चौथीचा झगा घालून बसतात ते तुम्ही पाहिलेलं आहे. मी जास्त बोलत नाही, समोर पंचकमिटी बसलीय.

पण एक अवघड जागा आहे, आणि ती टाळून पुढं गेलो तर आमच्या बाईंना आवडणार नाही. ती जागा आपल्या लाडक्या टिळकांची आहे. नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना जे देवाचं बोलावणं वाटलं त्यासाठी त्यांनी जात, आप्त, मानमरातब सगळं सोडलं. आपण त्यांची भजनं म्हणत मोठे झालो. पण त्या दिवशी त्यांची बायको कुठं होती? लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली त्यांना ते ठाऊक आहे. त्या माहेरच्या माणसांत होत्या, लहान मूल पदरी होतं, आणि आभाळ कोसळावं तशी ही बातमी त्यांच्यावर कोसळली. टिळकांनी देवाची हाक ऐकली, आणि बिल लक्ष्मीबाईंच्या नावानं फाटलं.

टिळक चुकले, असा निकाल द्यायला मी कोण? पण देवाच्या इच्छेचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो, हे विचारायला मी टिळकांपासून शिकलो, आणि ते टिळकांनाच विचारतो. लक्ष्मीबाईंनी पुढं काय केलं? नवऱ्यानं केलं म्हणून दुसऱ्या दिवशी केलं, असं नाही. पाच वर्षं घेतली. सोवळंओवळं एकेक करून, कुरकुरत, भांडत, स्वतःच्या बुद्धीनं सोडलं आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट होतं, फक्त अकरा अध्याय झाले होते. पुढचे 64 अध्याय ह्याच बाईंनी लिहून ते पुरं केलं. बायकोला न विचारता निघालेल्या माणसाचं काम शेवटी बायकोनं तडीस नेलं. मला वाटतं, ह्या घरात देवाची इच्छा नक्की कुणाच्या हातून झाली हा प्रश्न अजून उघडा ठेवावा.

येशूनं दोन मुलांची एक गोष्ट सांगितली आहे. बाप म्हणाला, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. एक म्हणाला, नाही जात. नंतर त्याचं मन त्याला खाऊ लागलं आणि गेला. दुसरा म्हणाला, होय महाराज, जातो. आणि गेला नाही. मग येशूनं विचारलं, बापाच्या मनासारखं कुणी केलं? नाशिककडच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. छाटणीच्या दिवसांत ‘होय, येतो’ म्हणून न फिरकलेला माणूस काय करून ठेवतो हे तो जाणतो. मला ही गोष्ट समजायला मात्र एक हजेरीपट लागला.

1972 चा पाऊस गेला आणि माणसं खडी फोडायला लागली. माझ्या वयाच्या लोकांना ते दिवस वर्णन करून सांगायला नकोत. तांबडी मिलो ज्वारी, रेशनची रांग, आणि पोरांना सुकडीचं पौष्टिक पीठ. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. मी मॅट्रिक झालेला, वीस वर्षांचा, मला एका कामावर हजेरी कारकुनाची जागा मिळाली. कुठलं काम, कुठलं खातं, साहेब कोण, ते राहू द्या, ती माणसंही आता नाहीत. सकाळी टोळीची हजेरी घ्यायची, मुकादमाबरोबर खड्डे मोजायचे, आणि शनिवारी पगार वाटताना पटावर अंगठे घ्यायचे.

आमच्या कामावर 43 बायका होत्या. तिसऱ्या आठवड्यात साहेब म्हणाले, पटावर आणखी अकरा नावं घाल. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, दोघांनाही ठाऊक होतं. नावं कुठून आणायची? घाईघाईनं डोक्यात येतील ती लिहिली. आत्याचं, दोन मावश्यांचं, शेजारणीचं. आणि शनिवारी अंगठे. अकरा बायकांना माझे दोन अंगठे पुरेनात, म्हणून खोलीचं दार लावून पायाचेही दोन वापरले. हसताय ना, हसा. मीही हसलो होतो. पायाच्या अंगठ्याला जांभळी शाई लावून जमिनीवर कागद धरून बसलेला माणूस कसा दिसत असेल ते तुम्हीच ठरवा. दुसऱ्या दिवशी उपासनेत मी पहिल्या रांगेत होतो आणि पित्याची इच्छा पृथ्वीवर चालावी म्हणून मोठ्यानं प्रार्थना करत होतो. होय महाराज, जातो.

असे दोन शनिवार गेले. बाई त्या कामावर बाभळीखाली बायकांची तान्ही पोरं सांभाळत आणि सुकडी वाटत. झाडाला नऊ-दहा झोळ्या टांगलेल्या असायच्या, एकीला पायानं झोका देत त्या दुसरीला हातानं देत. सुकडीचा हिशेब त्यांना पटावरून करावा लागे, म्हणून पटाची एक नक्कल त्यांच्याकडे जायची. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पिशवीतून नक्कल काढली.

‘अरे, तुझ्या पटावरच्या ह्या अकरा जणी पोरं घेऊन येतच नाहीत. मी त्यांच्या पोरांची सुकडी रोज बाजूला काढून ठेवते. खराब होईल आता. कुठं राहतात सांग, मी नेऊन देते.’

मी काही बोललो नाही. मग त्यांनी एका नावावर बोट ठेवलं.

‘आणि ही तर तुझी आजी ना? हिला आपण दोन वर्षांपूर्वी पुरली.’

मी खरंच सांगतो, मला तोवर ते लक्षातच आलं नव्हतं. हात आपसूक लिहून गेला होता. ज्या बाईला देवाच्या इच्छेनं आम्ही मातीत ठेवली, तिला मी कामावर लावली होती, उन्हात, खडी फोडायला, आणि तिचा पगार साहेबाच्या खिशात जात होता. बाईंनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि माझ्या आईला विचारलं, ‘आज भाकरी कशाबरोबर आहे?’ त्या जेवून गेल्या. त्या विषयावर पुन्हा एक शब्द नाही.

सोमवारी नवा पट सुरू झाला. मी 43 नावं लिहिली. साहेबांनी पट बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि बुधवारी मला कामावरून कमी केलं. माझ्या जागी जो आला त्यानं पटावर किती नावं घातली ते मला माहीत नाही. मी तक्रार केली नाही, कुणाला पकडून दिलं नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं, आणि घरात तर आता एक पगार कमी झाला होता. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईनं एवढंच म्हटलं, देवाची इच्छा.

गुरुवारी बाईंचा निरोप आला, सुकडी वाटायला माणूस कमी आहे, रिकामा असशील तर ये. गेलो. पोरांची रांग लागलेली होती, कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात नारळाची करवंटी, एकाच्या हातात नुसता बाभळीखालचा पत्र्याचा तुकडा. मापाला एक डबा होता. मी डबा पोत्यात बुडवला, भरला आणि पहिल्या पोरीच्या वाटीत ओतायला निघालो. बाईंनी माझं मनगट धरलं. डबा नीट पकडता यावा म्हणून माझा अंगठा कडेवरून आत गेलेला होता, सुकडीत रुतून. बाईंनी तो धरून मापाच्या बाहेर काढला आणि डबा पुन्हा काठोकाठ भरला. नखाच्या कडेला जांभळी शाई अजून तशीच होती.